विमा उतरवताना या चुका टाळा (एक मीही केली आहे)

कुणी "विमा काढू का?" असं विचारलं की मी उलट विचारतो, "कशाचा?" उत्तर ऐकून डोक्याला हात लावायची वेळ येते. मोबाइलच्या काचेचा विमा असतो, प्रवासातल्या बॅगेचा असतो. पण ज्या पगारावर घराचे हप्ते चालतात, तो बंद पडला तर काय, याचा पत्ता नसतो. फुटलेली काच एका पगारात भरून निघते. कमावता माणूस दोन वर्षं अंथरुणाला खिळला तर आधी शिल्लक संपते, मग ठेवी मोडतात, मग गुंतवणूक पडत्या भावात विकावी लागते आणि शेवटी कर्ज निघतं. ही घसरगुंडी सुरूच होऊ नये म्हणून विमा असतो. खिशातून सोसवेल ते नुकसान मी सोसतो, सोसवणार नाही त्याचाच विमा उतरवतो.

"पण काही झालं नाही तर पैसे बुडाले ना!" असं म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय. घराला वर्षभर आग लागली नाही याची हळहळ मला तरी वाटत नाही.

हप्ता वाचवायला रक्कम कमी लावणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर. घराचा आणि सामानाचा विमा मी खऱ्या किमतीच्या ६० टक्क्यांवर उतरवला होता. डोक्यात हिशेब असा, की अख्खं घर थोडंच जाणार आहे? आणि अख्खं घर गेलं नाहीच. आम्ही बाहेरगावी असताना ओट्याखालचा पाइप फुटला. परतलो तेव्हा हॉलमध्ये घोटाभर पाणी, कपाटांच्या प्लायवुडचे पदर सुटलेले, एकही दार धड लागेना.

नुकसान मोजणारा सर्व्हेअर आला. टेप लावून एकेक कपाट मोजलं, नुकसान मान्य केलं. मग पॉलिसीतल्या एका कलमावर पेनाचं टोक ठेवून म्हणाला, "हे वाचलं होतंत?" अ‍ॅव्हरेज क्लॉज. अर्थातच वाचलं नव्हतं.

किंमत १०० धरा, विमा ६० चा, नुकसान २० चं. मी समजत होतो की २० हे ६० च्या आतच आहेत, म्हणजे पूर्ण मिळतील. मिळतात १२. उरलेल्या ४० टक्के जोखमीची विमा कंपनी तुम्ही स्वतःच, असं ते कलम धरून चालतं. त्या १२ मधून डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेममध्ये आपणच सोसायचा ठरलेला वाटा, कापला गेला तो वेगळाच. शिवाय तो येण्याआधीच मी फुगलेल्या फळ्यांचा एक ढीग फेकून दिला होता, फोटो न काढता. त्याचे शून्य. चिडलो खूप, पण कंपनीवर चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तेव्हापासून पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या आठवड्यात मी मोबाइल घेऊन घरभर फिरतो, कपाटं उघडून व्हिडिओ काढतो आणि घर आज नव्याने बांधायला किती लागेल तो आकडा लावतो. जागेची किंमत त्यात धरत नाही, जमीन जळत नाही. आयुर्विम्याचंही तेच. महागाई ६ टक्के धरली तर पैशाची किंमत साधारण १२ वर्षांत निम्मी होते. लग्नाच्या वेळी काढलेली रक्कम मुलं कॉलेजात गेल्यावरही पुरेल, हा निव्वळ आळस.

फॉर्म दुसऱ्याला भरू देणं

"पाच मिनिटांत पॉलिसी मिळाली" असं कौतुकानं सांगणारे लोक मला भेटतात. त्या पाच मिनिटांत 'काही आजार?' या रकान्यात 'नाही' कुणी लिहिलं, हे त्यांना ठाऊक नसतं. पुढे दवाखान्यात दाखल होताना डॉक्टर विचारतात, "बीपी किती वर्षं?" आपण प्रामाणिकपणे सांगतो, "सहा." केसपेपरवर सहा लागतं, पॉलिसी असते चार वर्षांची, आणि क्लेम तिथेच अडकतो.

हा नियम आजचा नाही. १७६६ साली इंग्लंडमध्ये कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी तो मांडला: जोखमीची माहिती बहुतेक विमा घेणाऱ्यापाशीच असते, ती दडवली तर करार टिकत नाही. गंमत म्हणजे त्या खटल्यात जिंकला विमा घेणारा कार्टरच. ज्याचा विमा उतरवला त्या सुमात्रातल्या किल्ल्याचा कमकुवतपणा त्यानं लपवला, अशी विमा देणाऱ्या बोहमची तक्रार होती. पण विमा देणाऱ्याला जे माहीत होतं किंवा असायला हवं होतं, त्याबद्दल त्याला नंतर ओरडता येणार नाही, असं ठरलं. म्हणून सांगून मोकळं व्हा, आणि सांगितल्याचा पुरावा ठेवा. मी फॉर्म स्वतः भरतो, जुने रिपोर्ट समोर ठेवून, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत जपतो. हप्ता वाढला तर वाढू दे.

बाकीच्या, पटापट

ऑफिसच्या ग्रुप विम्यावर विसंबणं: नोकरी सुटली की बहुधा तोही सुटतो. नवी पॉलिसी हातात यायच्या आत जुनी बंद करणं: अधीरपणा, दुसरं काही नाही. प्रतीक्षा कालावधी, म्हणजे सुरुवातीला काही आजारांचे पैसे मिळत नाहीत तो काळ, न बघणं. लग्नानंतरही नॉमिनी जुनाच ठेवणं. हप्त्याचं खातं रिकामं ठेवून पॉलिसी लॅप्स करणं, म्हणजे हप्ता चुकवून बंद पाडणं. पॉलिसी पहिल्या पानापासून वाचणं हीसुद्धा माझ्या मते चूकच. मी आधी 'काय मिळणार नाही' ते पान काढतो.

आणि कागद कुठे आहेत हे घरात दुसऱ्या कुणाला माहीत नसणं. आमचे सगळे एका पाकिटात आहेत. एकदा मी बायकोला म्हटलं, समज मी बेशुद्ध आहे, कर फोन. पॉलिसी नंबर सापडायला तिला अकरा मिनिटं लागली. आता तो पाकिटाच्या बाहेरच, जाड मार्करनं लिहिलाय.