एअरलाइन परत बोलावतेय? सही करायच्या आधी हे बघा

ग्राउंड हँडलिंगचं, म्हणजे विमानतळावर बॅगा चढवण्या-उतरवण्याचं आणि विमान ओढण्याचं वगैरे काम आउटसोर्सिंग करून ज्यांना घरी पाठवलं त्यांनाच काही काळाने परत फोन येतात, कारण कंत्राटदाराकडे माणसं टिकत नाहीत, बॅगा मागे राहतात, टर्नअराउंड (विमान उतरल्यापासून परत निघेपर्यंतचा वेळ) लांबतो आणि विमानं लेट व्हायला लागतात. फोन आला की बरं वाटणारच, पण फोनवर हो म्हणून मोकळे होऊ नका, सगळं मेलवर मागवा.

सगळ्यात आधी ऑफर लेटरवर पगार देणारी कंपनी कोण ते वाचा. वर लोगो एअरलाइनचा आणि खाली सहीजवळ नाव तिच्या सबसिडिअरीचं किंवा हँडलिंग एजन्सीचं, असंही असतं. म्हणजे रॅम्प (विमानं उभी असतात ती जागा) तोच, जॅकेट तेच, पण उद्या त्या कंपनीचं एअरलाइनबरोबरचं कॉन्ट्रॅक्ट गेलं की तुमची नोकरी पण गेली.

मग जुन्या सर्व्हिसचं विचारा. नवीन भरती म्हणून घेतलं तर सिनियॉरिटी शून्यावर येते, परत प्रोबेशन, आणि शिफ्ट-सुट्ट्या निवडताना तुम्ही शेवटच्या नंबरवर. पगार जुन्या ग्रेडचा आहे की नाही तेही लेखी घ्या.

कामावरून काढल्याची केस चालू असेल तर अजून जपून. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटस एअरलाइनने 2020 मध्ये 10 विमानतळांवरचं ग्राउंड हँडलिंग बाहेर दिलं, 1,700 च्या आसपास लोकांची नोकरी गेली. ते बेकायदेशीर होतं हे 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टानेही (तिथलं सर्वोच्च कोर्ट) कायम ठेवलं आणि पुढे 12 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई ठरली, पण कोर्टाने लोकांना कामावर परत घ्यायचा आदेश काही दिला नाही. म्हणून ऑफर लेटरमध्ये 'मागचा कुठलाही दावा राहिला नाही' अशी ओळ दिसली तर युनियनला किंवा वकिलाला दाखवल्याशिवाय सही अजिबात नको, ती एक ओळ फार महागात पडू शकते.

एअरसाइड पास (विमानांजवळच्या भागात जायचा पास) आणि तिथलं ड्रायव्हिंग परमिट संपलेलं असेल, डेंजरस गुड्सचं (धोकादायक मालाचं) ट्रेनिंगही 24 महिन्यांतून एकदा परत करावं लागतं. याचा खर्च कोण करणार आणि ट्रेनिंगच्या दिवसांचा पगार मिळणार का हे आधीच विचारा. पुशबॅक टगवर (विमान मागे ढकलणारी गाडी) रिफ्रेशर झाल्याशिवाय बसू नका, सुपरवायझर घाई करत असला तरी.

आणि शरीराचं बघा बाबा. छोट्या विमानाच्या होल्डमध्ये (पोटातली सामानाची जागा) गुडघ्यावर बसून, मान वाकवून बॅगा रचायच्या म्हणजे पाठ आणि खांदे बोलायला लागतात, गॅपनंतर तर जास्तच. मेडिकलमध्ये जुनं दुखणं लपवू नका, रेकॉर्डवर येऊ द्या, आणि सुरुवातीला लागोपाठ नाईट नको असतील तर जॉइन व्हायच्या आधीच रोस्टरवाल्यांना मेल टाका.