ऑटोमॅटिक फील्ड वॉच घेताय? या चुका टाळा

साताऱ्याला फील्ड वॉचचं, म्हणजे फौजी घड्याळाचं, वेड नवं नाही. फौजींचं गाव म्हणून ओळखलं जाणारं आपशिंगे मिलिटरी इथून जवळच. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात १९६१ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. काळी डायल, ठसठशीत आकडे, खादाड बॅटरी नाही की चकचकाट नाही, असं घड्याळ आता पोरंही दहा-वीस हजारांत शोधतात. मग महिनाभरात कुरकुर सुरू होते: थांबतं, पुढे पळतं, काचेत वाफ धरते. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. घेताना विचारायचं ते विचारलेलं नसतं.

फोटो बघून आकार ठरवणं

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश लष्करासाठी बारा कंपन्यांनी जी घड्याळं बनवली, त्यांना शौकीन आज ‘डर्टी डझन’ म्हणतात. ती साधारण ३५ ते ३८ मिमीची होती. म्हणजे ४३ मिमीचा थाळा ‘व्हिंटेज’ म्हणून विकला जात असेल तर ती नुसती जाहिरात. नेहमीच्या मनगटाला ३६ ते ३९ मिमी पुरे. पण व्यासापेक्षा महत्त्वाची असते वरच्या लगच्या (पट्टा जिथे अडकतो त्या शिंगाच्या) टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी. ती मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेली की घड्याळ शर्टाच्या कफात अडकणारच. तेवढ्या मापाचा पुठ्ठा कापून मनगटावर ठेवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मशीनचा नंबर न विचारणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ऑटोमॅटिक घड्याळात हात हलला की आतलं रोटर, म्हणजे फिरतं वजन, फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसते. दिवसभर बँकेत नाहीतर एमआयडीसीतल्या ऑफिसात कीबोर्डवर हात ठेवून बसलात, तर चावी अर्धवटच बसणार. या किमतीत बऱ्याचदा दिसणारं एनएच ३५ हे जपानी मशीन पूर्ण चावी असेल तर सुमारे ४१ तास चालतं. शनिवारी संध्याकाळी सहाला काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी अकरापर्यंत, तेही शनिवारी चावी पूर्ण असेल तरच. त्यामुळे सोमवारी थांबलेलं घड्याळ म्हणजे बिघाड नव्हे. किल्लीला सरळ वीस-तीस फेरे द्या, वेळ लावा, घाला.

मात्र सेइको एसएनके ८०९ सारख्या लोकप्रिय जुन्या मॉडेलमध्ये ७एस२६ मशीन असतं. त्याला हाताने चावी देताच येत नाही, आणि किल्ली ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. ते आडवं धरून हलकेच हलवायचं. घड्याळ वाईट नाही, ३७ मिमीचं गोड घड्याळ आहे. पण हे माहीत असून घ्यावं.

‘३० मीटर’ वाचून भिजणं

३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी, बस्स. जुलैत यवतेश्वरचा घाट चढून कासकडे दुचाकीवर जाणाऱ्याने १०० मीटरचं आणि आट्याची किल्ली असलेलंच बघावं. आणि ती किल्ली परत घट्ट आवळावी, नाहीतर ते १०० मीटर कागदावरच. गरम पाण्याच्या आंघोळीला कुठलंच घालू नका. पाणी अडवणारं रबराचं गॅस्केट त्याने लवकर म्हातारं होतं.

काचेत आतून वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात पुरणं, उन्हात ठेवणं हे उद्योग नकोत. त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. आत गंज एकदा धरला की मशीनच बदलावं लागतं. पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, म्हणून चार महिने नायलॉनचा पट्टा. फौजी दिसतोही.

सेकंदांवरून डोकं खाणं

एनएच ३५ बनवणारेच दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे एवढी मुभा ठेवतात. मोबाइलशी रोज ताडून उदास होऊ नका. पण काल बरोबर असलेलं घड्याळ आज अचानक काही मिनिटं पुढे धावायला लागलं, तर संशय चुंबकाचा. स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, मोबाइलची चुंबकवाली केस यांच्याजवळ ठेवल्याने हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाची चाल राखणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात. घड्याळजीकडच्या चुंबक काढायच्या यंत्रावर हे मिनिटभरात निघतं. सर्व्हिसिंगचे पैसे मोजायच्या आधी हे करून घ्या. उलट सारखं मागे पडत असेल तर आधी पूर्ण चावी देऊन बघा.

तारीख असलेल्या मॉडेलमध्ये रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत तारीख झटपट बदलायची नाही, दाते तुटू शकतात. काटे सहा वाजण्याशी आणून मग बदला. दुपारी बारालाच तारीख उलटत असेल तर काटे पुढे फिरवून बारा तास सरकवा, झालं.

‘जुनं एचएमटी’ म्हणून काहीही घेणं

हजार-दोन हजारांत ऑनलाइन मिळणारं कोरं करकरीत एचएमटी पायलट बघून हुरळू नका. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला. आज मिळणाऱ्या अशा कित्येक घड्याळांच्या डायली नव्याने रंगवलेल्या, आतले भाग तीन घड्याळांतून जमवलेले. हौस म्हणून घ्यायला हरकत नाही, रोज घालायला नको. आणि मूळ पायलट हाताने चावी द्यायचं होतं. ‘पायलट ऑटोमॅटिक’ म्हणणाऱ्याला तिथेच रामराम.

काच या विषयात फार शिरत नाही. मिनरल काचेवर ओरखडे पडतात, सॅफायरवर सहसा नाही, पण सॅफायर जोरात आपटला तर फुटतो.

माझं मत विचाराल तर घड्याळ ठरवायच्या आधी घड्याळजी ठरवा. गावातल्या एखाद्या जुन्या दुकानात मशीनचा नंबर सांगा आणि विचारा: पार्ट मिळतात का, मागचं झाकण उघडल्यावर पाण्याची टेस्ट करून देता का? एनएच ३५ म्हटल्यावर तो मान डोलावेल, कारण ते अख्खं मशीनही बदलून मिळतं. बिननावाच्या मशीनचं नाव घेतल्यावर त्याने ‘चालेल तोवर चालवा’ म्हटलं, तर पाचशे-हजार वाढवून दुसरं बघा.