सामायिक अ‍ॅक्सेस डेटाबेस अद्ययावत करताना या चुका टाळा

कार्यालयातील मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसमध्ये अनेक जण नोंदी करत असताना त्यात बदल करण्याची घाई बहुतेक नवशिक्यांना असते, आणि त्या घाईतून होणारे घोटाळे ठरलेले असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे टेबल (नोंदी साठवणारे तक्ते) आणि फॉर्म (नोंदी भरण्याच्या खिडक्या) एकाच फाइलमध्ये ठेवणे. फॉर्म, रिपोर्ट किंवा कोड यांत बदल करून तो जतन करण्यासाठी अ‍ॅक्सेसला संपूर्ण फाइलचा एकाधिकार लागतो. तो मिळाला नाही की लोक फाइलची प्रत काढून तिच्यावर काम करतात आणि नंतर ती मूळ फाइलच्या जागी ठेवतात. एका कार्यालयात एकाने शुक्रवारी अशी प्रत घेतली आणि सोमवारी सुधारलेली फाइल जागेवर ठेवली. शनिवारी कार्यालय चालू होते, हे त्याच्या लक्षातच आले नाही. शनिवारच्या सर्व नोंदी गेल्या, पण खरी अडचण पुढेच होती. सोमवारच्या नव्या नोंदींना ऑटोनंबरने, म्हणजे प्रत्येक नव्या नोंदीला आपोआप क्रमांक देणाऱ्या सोयीने, शनिवारचेच क्रमांक पुन्हा दिले होते. बॅकअपमधून शनिवारच्या नोंदी परत आणताना एकेका क्रमांकावर दोन वेगवेगळे ग्राहक आले आणि संबंधित टेबलांतील क्रमांकही हाताने बदलावे लागले.

म्हणून डेटाबेसचे दोन भाग करावेत: केवळ टेबले असलेले बॅकएंड सर्व्हरवर, आणि फॉर्म, क्वेरी (टेबलांतून हवी ती माहिती काढणाऱ्या आज्ञा), रिपोर्ट व कोड असलेले फ्रंटएंड प्रत्येकाच्या संगणकावर. मग सुधारणा फ्रंटएंडच्या स्वतःच्या प्रतीत निवांत करता येतात आणि वाटायची असते ती केवळ नवी प्रत. सर्व्हरवर एकच फ्रंटएंड ठेवून सर्वांच्या डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट देणे हा आळस आहे. त्याने पहिलीच अडचण परत येते. मी एक छोटी बॅच फाइल (विंडोजच्या आज्ञा ओळीने चालवणारी फाइल) देतो, जी दर वेळी ताजे फ्रंटएंड आधी संगणकावर उतरवून मगच उघडते. आवृत्ती तपासून गरजेपुरतीच प्रत उतरवण्याची पद्धत अधिक सुबक आहे, हे मान्य. पण ती तपासणीच बिघडली की जुन्या फ्रंटएंडवर कोण काम करत आहे, याचा शोध घेत बसावे लागते.

बॅकएंडमधील एखाद्या टेबलात नवे फील्ड (स्तंभ) जोडायचे असेल, तर ते टेबल कोणाकडेही उघडे नसावे. नवे ऐच्छिक फील्ड जुन्या फ्रंटएंडला सहसा चालते, मात्र असलेल्या फील्डचे नाव बदलले की त्यावर बेतलेल्या क्वेरी मोडतात. कोण आत आहे हे पाहण्यासाठी डेटाबेस उघडा असताना अ‍ॅक्सेस शेजारी तयार करते त्या ‘एलएसीसीडीबी’ या कुलूप-फाइलवर विसंबू नये, कारण बाहेर पडलेल्यांची नावेही तिच्यात उरलेली असू शकतात. सर्व्हरवरील उघड्या फाइलींची यादी पाहावी आणि संबंधितांना फोन करावा. कोणी आत असताना नेटवर्कची तार काढून त्याला ‘बाहेर काढणारे’ महाभागही मी पाहिले आहेत. बॅकएंड बिघडवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

फाइल आटोपशीर करून दुरुस्त करणारी ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही आज्ञा बॅकअपशिवाय चालवू नये. बॅकएंड वनड्राइव्हसारख्या समक्रमित फोल्डरमध्ये ठेवू नये आणि वायफायवरून त्यात नोंदी करू नयेत. एसीसीडीई फाइल (फॉर्म व कोड बदलता येणार नाहीत अशी फ्रंटएंडची बंद प्रत) 64 बिट ऑफिसमध्ये तयार केली, तर ती 32 बिट ऑफिसमध्ये उघडत नाही, म्हणून ती वाटण्यापूर्वी प्रत्येक संगणकावरील ऑफिस कोणते आहे हे पाहून घ्यावे.