लाकडात गोल बुडाचं भोक

हळद-कुंकवाच्या पाटीला वाट्या कोरायच्या तर साधं ड्रिल बूड शंकूसारखं सोडतं. नागपूरच्या लकडगंजातल्या लाकूडबाजारातून सागाचा तुकडा आणला की मी २५ मिमीचा स्पेड बिट (चपट्या पात्याचं ड्रिल) ग्राइंडरवर अर्धगोल घासतो. दोन्ही धारा सारख्या, मागची बाजू किंचित उतरती. घासताना वारंवार पाण्यात बुडवा. पातं निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंच म्हणून समजा, भाऊ. आता मधलं टोक नसल्यानं बिट भटकतो, म्हणून लाकूड क्लॅम्पनं आवळा, हातानं धरू नका. आधी बारीक ड्रिलनं बराचसा माल काढा. ड्रिल प्रेसचा (स्टँडवरच्या ड्रिलचा) खोली अडवणारा स्टॉप १२.५ मिमीवर लावला की नेमका अर्धगोल. वेग कमी ठेवा, नाहीतर साग करपतो.