जुन्या पिकअपचे स्पीकर बदलताय? आधी दार बघा, या चुका टाळा

गेल्या बेदाण्याच्या हंगामात तासगावची एक जुनी पिकअप मिरजेत माझ्याकडे आली. गाडीवाल्यानं पंधरा दिवसांपूर्वीच दोन्ही दारांत नवे स्पीकर टाकले होते. डावा तरीही मधूनच बंद पडायचा आणि खड्डा आला की परत बोलायचा. "दादा, स्पीकर डुप्लिकेट निघाला बघा," तो म्हणाला. मी गाणं चालू ठेवून दार हळूहळू उघडलं. अर्ध्यावर आवाज गेला, अजून थोडं उघडल्यावर परत आला. दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी मागं सरकवली. आतली वायर वरून शाबूत दिसत होती, पण बोटांनी चाचपली तर प्लॅस्टिकच्या आत तांबं तुटलेलं कळत होतं. चार बोटं वायर जोडली आणि काम झालं. कंपनीचे मूळ स्पीकर तोवर भंगारात गेले होते.

ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात हे मी वारंवार बघतो. आवाज बिघडला की दोष स्पीकरवर जातो, पण त्याच्या आजूबाजूचं दार, वायर, कपलर (वायरा जोडायचा प्लग) कोणी उघडून बघत नाही. ड्रायव्हर दिवसाचे बारा-बारा तास त्या केबिनमध्ये काढतो. रात्री एकट्यानं माल घेऊन निघालेल्या माणसाला गाणं ही मोठी सोबत असते. म्हणून हे काम हलक्यात घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

स्पीकर गेलाय की नाही, ते आधी ठरवा

टेपवर (म्हणजे गाडीतल्या म्युझिक सिस्टीमवर) बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे न्या. खरखर कुठल्या दारात आहे ते कळेल. समजा डावीकडे आहे, तर डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढून उजवीकडचा चांगला स्पीकर डावीकडच्या वायरांना लावा. खरखर गेली तर जुना स्पीकर खराब. राहिली तर दोष वायरमध्ये किंवा टेपमध्ये आहे, स्पीकरवर पैसे घालू नका.

मल्टीमीटर असेल तर आणखी सोपं. ४ ओहमच्या धडधाकट स्पीकरचं रीडिंग, वायरा सोडवून घेतलं तर, साधारण ३.२ ते ३.८ येतं. काहीच दाखवत नसेल तर कॉईल (स्पीकरच्या आतलं तारेचं वेटोळं) तुटली. जवळजवळ शून्य दाखवत असेल तर कॉईल जळून आतल्या आत चिकटली, आणि असा स्पीकर टेपलाही घेऊन जातो. शेवटी दोन्ही हातांची बोटं कोनवर (स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर) समान ठेवून हलकेच आत दाबा. कर्रकर्र घासल्याचं हाताला जाणवलं तर त्यात काही अर्थ उरलेला नाही.

आपल्या सांगली जिल्ह्यात स्पीकर कशानं गेला ते गाडीच्या गावावरून बरंचसं सांगता येतं. जत, कवठेमहांकाळकडच्या गाडीत मॅग्नेटच्या फटीत बारीक धूळ बसलेली असते. शिराळा, चांदोलीकडच्या गाडीत कागदी कोन पाणी पिऊन मऊ पडलेला असतो. कडेचा फोम असेल तर तो वयानंच कुजतो, बोट लावलं की भुगा होतो. म्हणून नवा घेताना कोन पॉलिप्रॉपिलीनचा (एक प्रकारचं प्लॅस्टिक) आणि कड रबराची घ्या. पावसातल्या गाडीला हेच टिकतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात उभी राहिलेली जुनी गाडी विकत घेतली असेल तर स्पीकरच्या आधी दाराच्या तळात साचलेला गाळ काढा.

मापात गफलत

"सहा इंची द्या" म्हणून काउंटरवरून उचलू नका. सहा आणि साडेसहा इंचीत भोकं जुळत नाहीत, आणि डॅशबोर्डमधला चार इंची वेगळाच असतो. जुना स्पीकर सोबत न्या. रुंदीपेक्षा खोली जास्त फसवते. काच पूर्ण खाली करा, मग पत्र्याच्या भोकापासून काचेपर्यंत पट्टी घालून मोजा. काच वर असताना आत भरपूर जागा दिसते. मोठ्या मॅग्नेटचा स्पीकर बसवला आणि पहिल्यांदा काच खाली केली की ठक्क. एक तर काचेला चरा जातो, नाही तर काचेचं मशीन अडकून तुटतं.

जागा कमी पडली तर मध्ये रिंग घाला, पण ती प्लॅस्टिकची. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग एका पावसाळ्यात पुरीसारखी फुगते. पत्रा कापायचा मोह शक्यतो टाळाच. कापावाच लागला तर स्पीकर शेजारी उघडा ठेवून ड्रिल चालवू नका. लोखंडाचा कीस मॅग्नेट ओढून घेतो, तो फटीत जातो आणि नवाकोरा स्पीकर पहिल्याच दिवशी खरखरायला लागतो. कापलेल्या कडेला रंग मारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

ते प्लॅस्टिक फाडून फेकू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून इथं जरा थांबतो.

डोअर पॅड काढला की पत्र्यावर काळ्या चिकट गोंदानं चिकटवलेलं पातळ प्लॅस्टिक दिसतं. बरेच जण ते ओढून काढतात आणि तसंच टाकून देतात. पॅकिंगचा कचरा वाटतो तो. पावसाचं पाणी काचेच्या बाहेरच्या बीडिंगमधून (रबरी पट्टीतून) दारात उतरतंच, प्रत्येक गाडीत उतरतं, आणि तळाच्या भोकांतून खाली निघून जावं अशीच दाराची रचना असते. आत उडालेलं पाणी पॅडकडे येऊ न देता परत दारात सोडायचं काम हे प्लॅस्टिक करतं. त्याची खालची कड पत्र्याच्या खाचेतून आत खोचलेली असते ती याचसाठी. ती कड बाहेर राहिली तरी पाणी थेट पॅडवर येतं.

सुरुवातीच्या काळात ही चूक माझ्याच हातून झाली. शिराळ्याच्या एका गाडीचं प्लॅस्टिक फाटलं होतं, मी तसंच ठेवून पॅड दाबून बसवला. जुलैमध्ये गाडी परत आली. हार्डबोर्डचा पॅड खालून फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते, पायाखालची मॅट ओली होती आणि स्पीकरच्या टर्मिनलवर हिरवी बुरशी चढली होती. पॅड मी माझ्या पैशानं बदलून दिला. तेव्हापासून गोंद जरा गरम करून प्लॅस्टिक सावकाश सोडवतो आणि परत लावतो. फाटलंच असेल तर जाड प्लॅस्टिकचा कागद त्याच मापानं कापून ब्युटाइल टेपनं (चिकट रबरी पट्टीनं) चिकटवतो. स्पीकरच्या मागं वरच्या अंगाला प्लॅस्टिकची एक छोटी झडप लावतो, म्हणजे थेंब मॅग्नेटवर न पडता पुढं घरंगळतो. तळाची भोकं तारेनं मोकळी करतो. पाच मिनिटांचं काम आहे.

पाण्याइतकाच आवाजाचाही संबंध त्या दाराशी आहे. मिरजेत आमच्या आजूबाजूला सतार-तंबोरे बनवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भोपळा नीट नसेल तर तार कितीही चांगली लावा, तंबोरा भरत नाही, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. स्पीकरचा भोपळा म्हणजे दार. कोनच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींत मिसळली की खालचा सूर मरतो. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी गोल फिरवा, चारही स्क्रू घट्ट करा, मोठी भोकं झाका. पाण्याची भोकं मात्र सोडून. निम्म्या गाड्यांत एवढ्यानंच ढोलकीची थाप ऐकू येते, ॲम्प्लिफायर घ्यायची गरज राहत नाही.

प्लस-मायनस उलटं झालं तर

दोन्ही दारांतला आवाज सुरू, खरखर नाही, तरी गाणं पोकळ लागतं, गाणाऱ्याचा आवाज कुठून येतोय ते कळत नाही. बॅलन्स एका बाजूला नेला की खालचा सूर उलट वाढतो. असं झालं तर एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागलंय. एक कोन हवा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, म्हणून ठोका मरतो.

स्पीकरच्या दोन पट्ट्यांपैकी रुंद पट्टी सहसा प्लस असते. खात्री करायची असेल तर स्पीकर गाडीच्या वायरांपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या पट्टीला आहे तीच प्लस. टेपच्या कपलरमध्ये बहुतेक वेळा पांढरी वायर पुढच्या डाव्याची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची आणि जांभळी मागच्या उजव्याची. काळी रेघ असेल ती मायनस. गाडीच्या बाजूचे रंग मात्र कंपनीगणिक बदलतात, तिथं रंगावर विसंबू नका.

आणखी एक. स्पीकरची मायनस वायर बॉडीला अर्थ करू नका. लाईटच्या कामात ती सवय लागलेली असते. पण आजच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरांतून आवाज येतो, त्यातली एक पत्र्याला टेकली की टेपची आयसी (आतली आवाजाची चिप) उडते.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर ३०० वॅट, टेपवर "५० वॅट गुणिले ४". इंजिन चालू असताना गाडीत मिळतात १४ व्होल्टच्या आसपास. तेवढ्यावर साधा टेप एका स्पीकरला स्वच्छ असे वीसेक वॅटच देऊ शकतो. त्यामुळे टेपवर चालवायचा असेल तर वॅट सोडा, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते. ८७ डेसिबलवाल्यापेक्षा ९० डेसिबलवाला स्पीकर तेवढाच मोठा वाजायला निम्मी ताकद घेतो. आवाज फुटेपर्यंत बटण फिरवलं तर वीस वॅटचा टेपही मोठ्या स्पीकरचा ट्विटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जाळतो.

सीटच्या मागं सहा बाय नऊचे डबे ठेवून त्यांच्या वायरा दाराच्या स्पीकरच्या वायरांनाच पिळणारे बरेच जण भेटतात. ४ ओहमचे दोन स्पीकर असे जोडले की टेपला २ ओहमचा भार येतो. टेप तापतो, मध्येच बंद होतो आणि एक दिवस कायमचा जातो. चार स्पीकर हवेत तर टेपचे चार चॅनेल वापरा, प्रत्येक स्पीकरला वेगळी जोडी.

फ्यूज उडत असेल तर १५ च्या जागी ३० चा घालू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात नाही. कुठंतरी वायर घासतेय, ती शोधा. फ्यूजचं काम वायर वाचवायचं आहे, मोठा फ्यूज घातला की वायर जळते.

जोड पिळून वर काळी चिकटपट्टी, हेही नको. उन्हात दार तापतं, पट्टीचा गोंद सुटतो, महिनाभरात जोड उघडा पडतो. सोल्डर करा आणि वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. रेस दिल्यावर स्पीकरमधून शिट्टी येत असेल तर स्पीकरला दोष देऊ नका, आधी टेपचं अर्थिंग स्वच्छ पत्र्यावर घ्या. काम सुरू करताना १० नंबरच्या पान्यानं बॅटरीचं मायनस सोडा.

पॅड दाबायच्या आधी गाणं लावा. दार पूर्ण उघडा, बंद करा, चार वेळा. काच खाली-वर करा. मग काच वर ठेवून बाहेरून बीडिंगवर दोन तांबे पाणी ओता आणि आतून प्लॅस्टिकच्या खालच्या कडेवर हात फिरवा. हात कोरडा आणि दाराखाली धार लागली असेल, तरच क्लिपा दाबा.