बटाट्याच्या पेशीतला रस किती दाट? साखर आणि वजनकाट्यानं मोजा

परासरण (पाणी पेशीच्या पटलातून पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणं) शिकवताना बटाट्याची फोड मिठाच्या पाण्यात टाकतात, ती लुळी पडते आणि प्रयोग तिथंच संपतो. एवढ्यावर थांबू नका. त्याच बटाट्यातून पेशीरसाची संहतीही, म्हणजे दाटपणाही, काढता येते, आणि परासरण खरं कळतं ते तेव्हाच.

एक मोठा, टणक, कोंब न फुटलेला बटाटा घ्या. सोबत 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, मोजपात्र, पाच ग्लास आणि साखर. हिवाळ्यात इंदुरात गराडू हा कंद भरपूर मिळतो, पण तो कापायला घेऊ नका. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी हात खाजतात.

ग्लासांसाठी 0, 5, 10, 15 आणि 20 ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवा, मग प्रत्येक द्रावण 100 मिलिलिटरपर्यंत भरा. पूर्ण 100 मिलिलिटर पाण्यात वरून साखर घातली तर द्रावण 100 मिलिलिटरपेक्षा जास्त होतं आणि संहती चुकते. नळाला येणारं नर्मदेचं पाणी चालतं, खारं बोअरचं नको.

साल पूर्ण काढा, ती पाणी अडवते. एकाच बटाट्यातून 1 सेंमी रुंद, 1 सेंमी जाड, 5 सेंमी लांब अशा दहा पट्ट्या कापा. एका ग्लासासाठी दोन. कापल्याबरोबर वजन करा. मे महिन्यात दहा मिनिटं उघड्या राहिल्या तरी त्या सुकतात. दोन तास पूर्ण बुडवून ठेवा. रात्रभर नको, सडू लागतात.

बाहेर काढून सुती कापडावर अलगद टिपा, दाबू नका. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात: एक पट्टी ओली राहते, दुसरी पिळली जाते. मग वजनातला बदल टक्क्यांत मांडा. 10.8 ग्रॅमचे 11.6 झाले, तर 0.8 भागिले 10.8, म्हणजे साधारण 7.4 टक्के वाढ. काट्याऐवजी मोजपट्टीनं लांबी मोजाल तर फरक जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा दिसेल, कारण फुगवटा तिन्ही दिशांना वाटला जातो.

आलेखात आडव्या अक्षावर साखर, उभ्यावर टक्के. रेषा शून्याला छेदते तिथं पाणी आत जातं तेवढंच बाहेर येतं. थांबत मात्र नाही, हे मुलांना नक्की सांगा. हा बिंदू बहुधा 10 ग्रॅमच्या आसपास येतो.

माळव्यात हाच प्रयोग आणखी पुढे नेता येतो. फेब्रुवारी-मार्चमधला ताजा बटाटा आणि पावसाळ्यात कोल्ड स्टोरेजमधून आलेला बटाटा, दोघांचे आलेख काढा. थंडीत स्टार्चची काही प्रमाणात साखर होते, पेशीरस दाट होतो आणि छेदबिंदू उजवीकडे सरकू शकतो. असा गोडसर बटाटा तळला की चिप्स काळपट पडतात, म्हणून चिप्सवाले तो टाळतात.

शेवटी एक उकडलेली पट्टी साध्या पाण्यात ठेवा. ती कच्च्या पट्टीसारखी ताठ होणार नाही: उष्णतेनं पेशीपटल फाटलेलं असतं, आणि पटलच नसेल तर परासरण कुठलं?