पॅरॅगॉन सिटीतली पहिली रात्र: ‘सिटी ऑफ हीरोज’ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

‘सिटी ऑफ हीरोज’ हा सुपरहिरोंचा ऑनलाइन खेळ, आणि पॅरॅगॉन सिटी हे त्यातलं शहर. तो सुरू करणार असाल, तर पहिल्या रात्रीपुरतं एवढंच ठरवा की लेव्हल वाढवायच्या मागे लागायचं नाही. बाकीचे बरेच ऑनलाइन खेळ पुढं गेल्यावर खुलतात. हा खेळ पहिल्या तासातच आपलं सगळं मन उघडं करून दाखवतो, फक्त तो तास घाईत घालवला नाही पाहिजे. मी नाशिकला औषधांचं दुकान चालवते. रात्री शटर ओढलं, जेवण उरकलं की लॅपटॉप उघडते. त्यामुळे वेळ मोजकाच असणाऱ्या माणसाला हा खेळ कसा सुरू करावा, ते मला नेमकं सांगता येईल.

थोडी पार्श्वभूमी हवी, कारण हा खेळ मरून परत आलेला आहे. क्रिप्टिक स्टुडिओजने तो बनवला आणि एप्रिल २००४ मध्ये एनसीसॉफ्टने बाजारात आणला. ३० नोव्हेंबर २०१२ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. पुढे २०१९ मध्ये चाहत्यांनी चालवलेले सर्व्हर उघडपणे सुरू झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्यातल्या ‘होमकमिंग’ या गटाला रीतसर परवाना दिला. आज खेळायचं म्हणजे होमकमिंगवर खातं काढायचं, त्यांचा लाँचर (खेळ सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) उतरवायचा आणि सुरुवात करायची. पैसे लागत नाहीत, खर्च लोकांच्या देणग्यांवर भागतो. खेळ जुना असल्यामुळे भारी ग्राफिक्स कार्डाचीही गरज नाही.

सर्व्हर निवडताना भारतातल्यांनी ‘रीयुनियन’ आधी बघावा. तो युरोपसाठी आहे. आपले रात्रीचे साडेदहा-अकरा म्हणजे तिकडची संध्याकाळ, लोक नुकते कामावरून येऊन बसलेले असतात. अमेरिकी सर्व्हरवर गर्दी जास्त असते, पण तिथला रंगात आलेला वेळ म्हणजे आपली पहाट.

आता पात्र. इथे वेळ काढा, अगदी अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल. पोशाख घडवण्याची इतकी मोकळीक मला दुसऱ्या कुठल्या ऑनलाइन खेळात दिसलेली नाही. उंची, खांदे, जबडा, बूट, पट्टा, केप, प्रत्येक तुकड्याचे वेगळे रंग, इतकंच काय तर हातातून निघणाऱ्या शक्तीचाही रंग ठरवता येतो. एकच पथ्य पाळा: कुणा प्रसिद्ध कॉमिक नायकाची नक्कल करू नका. याच पोशाखघरावरून मार्व्हलने नोव्हेंबर २००४ मध्ये खटला भरला होता आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. नक्कल केलेल्या पात्राचं नाव आणि पोशाख काढून घेतला जातो. आणि खरं कारण वेगळंच आहे. जिथे सगळ्यांनी स्वतःचं काहीतरी आणलेलं असतं, तिथे उसनं पात्र घेऊन उभं राहायला आपल्यालाच बरं वाटत नाही.

माझ्या नायिकेचं नाव श्रावणसर. नाव रोमन लिपीत लिहावं लागतं, पण मराठी नावांचा मोठा फायदा म्हणजे ती आधी कुणी घेतलेली नसतात. हिरवा-राखाडी पोशाख, डोक्यावरून टोपडं, आणि शक्ती वादळाच्या. पात्राच्या माहितीच्या चौकटीत चार ओळींची गोष्ट जरूर लिहा. लोक तुमच्यावर क्लिक करून ती वाचतात आणि वाचून बोलायलाही येतात.

सुरुवातीचे वर्ग पाच: ब्लास्टर लांबून मारतो, स्क्रॅपर जवळून, टँकर मार अंगावर घेतो, कंट्रोलर शत्रूला जखडून ठेवतो आणि डिफेंडर सोबत्यांना सावरतो. नंतर खलनायकांचे आणि इतर वर्ग आले, आता ते सगळेच नायकांनाही खुले आहेत. एकट्याने खेळायचं असेल तर स्क्रॅपर सोपा. पण मला विचाराल तर डिफेंडर घ्या, आणि का ते एका शक्तीवरून सांगते. वादळाच्या शक्तींमध्ये पहिल्याच लेव्हलला ‘ओटू बूस्ट’ मिळते. सोबत्याला प्राणवायूचा झोत द्यायचा, त्याची जखम भरते, भोवळ उतरते. ही शक्ती स्वतःवर चालतच नाही. कितीही मार खात असलात तरी ती तुमच्यासाठी नाहीच. म्हणजे पहिलं बटण दाबतानाच आजूबाजूला कोण आहे हे बघावं लागतं. हा खेळ कशाचा आहे ते त्या एका बटणात आहे. त्याच संचातली ‘गेल’ मात्र जपून वापरा. वाऱ्याने शत्रू दूर उडतात खरे, पण टँकरने मेहनतीने गोळा केलेला घोळका उधळला की टीम वैतागते.

शिकवणीचा टप्पा टाळून थेट अ‍ॅटलस पार्कमध्ये उतरता येतं. समोर सिटी हॉल आणि त्यापुढे पृथ्वी खांद्यावर घेतलेला अ‍ॅटलसचा प्रचंड पुतळा. पायथ्याशी नेहमी कुणी ना कुणी उभं असतं: पंखवाले, यंत्रमानव, लांब कोटातले जादूगार. इथे पोशाखांच्या स्पर्धा भरतात. २०१२ मध्ये खेळ बंद होणार असं कळल्यावर खेळाडू हातात मशाली घेऊन इथेच जमले होते. तेव्हा थोडा वेळ थांबा, बघा, कुणाचा पोशाख आवडला तर तसं सांगा.

मग पायी निघा. स्प्रिंट, म्हणजे धावायची शक्ती, चालू करा आणि गल्ल्यांमध्ये शिरा. कुठेतरी हेलियन्स टोळीचा एखादा गुंड एका बाईची पर्स खेचत असेल, ती मागे ओढत असेल. गुंडावर क्लिक केलं की नावाचा रंग दिसतो, तो वाचायला आधी शिका. पांढरा म्हणजे तुमच्याच लेव्हलचा. पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा या चढत्या पायऱ्या. निळा आणि हिरवा सोपा, राखाडीतून काहीच मिळत नाही. एकट्याने असाल तर पहिल्या रात्री पिवळ्यापुढे जाऊ नका. गुंड पडला की ती बाई पळत तुमच्याकडे येते आणि तुमचं नाव घेऊन आभार मानते. संगणकानेच बोललेलं वाक्य, पण एका अनोळखी शहराच्या रस्त्यावर कुणीतरी ‘श्रावणसर’ म्हणून हाक मारतं तेव्हा आपण या शहराचे झालो असं मला मनापासून वाटलं. अजूनही मी मिशनला जाताना वाटेतली पर्स सोडवल्याशिवाय पुढे जात नाही, त्यातून काही मिळणार नसलं तरी.

इथली कमाईसुद्धा त्याच वळणाची आहे. नायकाला पैसे मिळत नाहीत, ‘इन्फ्लुएन्स’ मिळतो, म्हणजे शहरातलं वजन. तेच दुकानात चालतं.

पडद्यावरची हिरवी पट्टी जिवाची, निळी दमाची. नवख्यांची निळी आधी संपते, कारण सगळी बटणं एकदम दाबली जातात. पडलेल्या शत्रूंकडून ‘इन्स्पिरेशन’ नावाच्या छोट्या गोळ्या मिळतात: हिरवी जखमेवर, निळी दमावर, लाल जोर वाढवायला, जांभळी वार चुकवायला, पिवळी नेम धरायला. या साठवून ठेवण्यात अर्थ नाही. जागा मोजक्या असतात, त्या भरल्या की नवीन मिळत नाहीत, आणि एकाच प्रकारच्या तीन एकत्र करून हवी ती एक बनवता येते. म्हणून लढत अवघड दिसली की आधी घ्या. एकदा जमिनीवर पडल्यावर हिरव्या गोळीचा उपयोग नाही. पडलात तरी फार बिघडत नाही, इस्पितळात उठता.

मिशनसाठी सिटी हॉलजवळच्या मॅथ्यू हबाशी या खेळातल्याच पात्राला भेटा. लेव्हल पूर्ण झाली की पुतळ्यापाशी मिस लिबर्टीकडे जाऊन ती पक्की करायची. चौथ्या लेव्हलला प्रवासाची शक्ती घेता येते. उडणं सावकाश पण निवांत, सुपर स्पीड वेगवान पण उंच भिंतीपुढे अडतो, टेलिपोर्टला सारखं क्लिक करावं लागतं. मी लांब उडी घेतली, कारण छतावरून छतावर जाताना शहर नीट दिसतं. ती मिळाली की अ‍ॅटलसच्या खांद्यावरच्या गोलावर चढा. वर ‘टॉप डॉग’ नावाचा बिल्ला आहे.

चॅटमध्ये सतत ‘डीएफबी’ असं दिसेल. ती गटारांतली ‘डेथ फ्रॉम बिलो’ मोहीम, पहिल्या लेव्हलपासून जाता येतं आणि भराभर लेव्हल मिळतात. मजा आहे, पण पहिल्या रात्री नको. बाहेर याल तेव्हा पाच-सहा नव्या शक्ती हातात असतील आणि एकीचीही सवय नसेल. खेळातल्या ‘स्टार्ट’ नावाच्या विक्रेत्याकडचं लेव्हलचा वेग वाढवणारं बूस्टरही तूर्त राहू द्या, त्याने इन्फ्लुएन्सची कमाई घटते.

टीम मात्र लवकर करा. एका टीममध्ये आठ जण मावतात, आणि नेत्याच्या लेव्हलजवळ सगळ्यांना आपोआप आणलं जातं. माझी आतेबहीण नेदरलँड्सला असते, तिचा टँकर पन्नासाव्या लेव्हलचा, म्हणजे शेवटच्या. तरी मी सहाव्या लेव्हलची असताना तिच्यासोबत बरोबरीने लढले. मित्राला गाठायला महिनाभर एकट्याने राबा, हा प्रकार इथे नाहीच. २००४ च्या खेळात कमी लेव्हलच्या सोबत्याला वर ओढून घ्यायची सोय होती, हे मला फार मोठं वाटतं.

पाचव्या-सहाव्या लेव्हलनंतर शहराच्या पुढच्या भागांत जा: किंग्ज रो किंवा हॉलोज. हॉलोज खचलेल्या जमिनीचा भाग आहे, पायी जायला खडतर, म्हणून प्रवासाची शक्ती घेऊनच जा. तिथलं फ्रॉस्टफायर या खलनायकाचं मिशन टीमनेच करा. आत बर्फाचे उतार आहेत, त्यावरून सगळे घसरत जातात आणि घसरणारा बऱ्याचदा थेट शत्रूंच्या घोळक्यात पोचतो. डिफेंडर असाल तर सगळ्यात मागे राहा, टँकरला आधी घसरू द्या, आणि ओटू बूस्टच्या बटणावर बोट ठेवा.